मुलांचा कॅन्सर : फॉर्मवरचा 'मासिक उत्पन्न' हा रकाना ठेवायचा का?

मुठाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

पुण्यात कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या मुलांच्या घरच्यांसाठी एक पानी फॉर्म नव्याने करायचं काम चाललं आहे. स्वयंसेवक वॉर्डात किंवा डे-केअरमध्ये (दिवसा उपचार घेऊन घरी जाण्याच्या कक्षात) बसून तो भरून घेणार. कुणाला प्रवासखर्च, कुणाला शिधा आणि कुणाला नुसती कागदपत्रांसाठी सोबत द्यायची, हे त्यावरून ठरणार. जुन्या फॉर्मात पैशाबद्दल एकच रकाना आहे, 'कुटुंबाचे मासिक उत्पन्न'. मुलाचे दिवस कसे जातायत याबद्दल हा रकाना फारसं काही सांगत नाही, असं माझं मत आहे. तो ठेवावा, काढावा की बदलावा यावर जाणकारांनी लिहावं.

एक हिशेब मांडतो. धरून चाला, पुण्याजवळच्या मांजरी भागात भाड्याच्या खोलीत चौघं राहतात. वडील बांधकामावर, रोज ६०० रुपये. खाडे वगळून २५ दिवस भरले तर १५,०००. आई तीन घरची धुणीभांडी करते, घरटी २,५००, म्हणजे ७,५००. एकूण २२,५००. आता पाच वर्षांच्या मुलीला एएलएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाला. मुलीजवळ सतत कुणीतरी लागतं, त्यामुळे पहिल्याच महिन्यात आईची तिन्ही कामं सुटतात. रक्तदाते गोळा करणं, कागद, औषधं यांत वडिलांचे आठ खाडे. १७ गुणिले ६०० म्हणजे १०,२००. उत्पन्न निम्म्याच्याही खाली आलं. त्यातच दवाखान्याच्या आठ खेपा, रिक्षाने जाऊन-येऊन ४०० धरले तर ३,२०० गेले. राहिले ७,०००. खोलीचं भाडं ५,००० दिलं की चौघांचं जेवण, गॅस आणि धाकट्याचं सगळं २,००० मध्ये.

फॉर्मवर मात्र २२,५०० लिहिले जातात. 'उत्पन्न किती?' विचारलं की माणूस आजाराआधीचा आकडा सांगतो.

सिंहगडरोड | सोमवार, रात्री १०:१५

हिशेब पटला, पण रकाना काढू नये. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत ३० टक्क्यांहून कमी. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये मोहीम काढली, २०३० पर्यंत जगभरात निदान ६० टक्के मुलं वाचावीत म्हणून. एवढी तफावत पैशामुळे पडत असेल तर पैशाचाच रकाना गाळून कसं चालेल? आकडा चुकीचा येतो म्हणता, तर विचारायची पद्धत सुधारा.

अनघा_२२ | सोमवार, रात्री १०:५०

आकडा चुकीचा येतो त्याचे परिणाम कागदावर लगेच दिसतात. मुठाकाठ यांचंच कुटुंब घ्या. वर्षाला २,७०,००० चा तहसीलदारांचा दाखला निघेल, कारण दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव आहेत. निर्धनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,८०,०००, दुर्बलसाठी ३,६०,०००. म्हणजे हे घर 'दुर्बल'मध्ये, सवलतीच्या दरात. आजच्या कमाईने धरलं तर १०,२०० गुणिले १२ म्हणजे १,२२,४००, सरळ 'निर्धन'. हे घर आज निर्धन आहे, पण दाखला तसं म्हणत नाही.

यावर दोन गोष्टी करता येतात. रुग्णालयातल्या मेडिकल सोशल वर्करकडून सामाजिक अहवाल लिहून घ्यायचा. त्यात आईचं काम कधी सुटलं, वडिलांचे किती खाडे झाले, हे तारखांसकट हवं. नुसतं 'परिस्थिती हलाखीची' लिहिलेल्या अहवालाचा उपयोग होत नाही. दुसरं, एप्रिल उजाडला की दाखला पुन्हा काढायचा, कारण तेव्हा आजाराचं वर्ष मोजणीत येतं. एएलएलचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात, त्यामुळे हा दुसरा दाखला नक्की उपयोगी पडतो. लोक पहिल्याच दाखल्यावर थांबतात.

भोसरी_एमआयडीसी | मंगळवार, सकाळी ७:०५

वडील कंपनीत कंत्राटी असतील तर पगारपत्रकात ईएसआयची (कामगार राज्य विमा) कपात आहे का ते सगळ्यात आधी बघा. पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराचे, ३.२५ टक्के मालकाचे, पगाराची मर्यादा २१,०००. कपात चालू असेल तर मुलाचे उपचार त्या विम्यात येतात. पुण्यात बिबवेवाडीला आणि चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयची रुग्णालयं आहेत, तिथून पुढची चिठ्ठी मिळते.

नेहमीची चूक अशी : खाडे फार होतात म्हणून वडील काम सोडतात. कपात बंद झाली की काही काळाने विम्याचं छत्रही जातं. शक्य असेल तर राजीनामा देऊ नये. बिनपगारी रजा, पाळी बदलून घेणं किंवा दोघा भावांनी आलटून-पालटून दवाखान्यात थांबणं, काहीही करावं. आणि ईएसआयचा आजारपण भत्ता कामगार स्वतः आजारी असला तरच मिळतो, मूल आजारी असताना मिळत नाही. तेवढे पैसे धरून हिशेब करू नका. पीएफमधून आजारपणासाठी आगाऊ रक्कम काढता येते.

फॉर्मात 'रोजंदारी / कंत्राटी / कायम' असा चौकोन असावा. उत्पन्नाच्या आकड्यापेक्षा हा जास्त सांगतो.

आकडेमोड | मंगळवार, दुपारी १:३०

इथे दोन मोजमापांची गल्लत होतेय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं, कुटुंबाची स्थिती. आपल्याकडच्या शहरी अभ्यासांत बहुतेक वेळा कुप्पुस्वामी पट्टी वापरतात. कुटुंबप्रमुखाचं शिक्षण १ ते ७ गुण, व्यवसाय १ ते १०, कुटुंबाचं मासिक उत्पन्न १ ते १२, एकूण ३ ते २९. उत्पन्नाचे टप्पे महागाईप्रमाणे दरवर्षी बदलावे लागतात. जुने टप्पे वापरले की सगळी घरं एक पायरी वर सरकतात. दुसरी अडचण कुटुंबप्रमुखाची. रेशनकार्डावर प्रमुख आजोबा, कमावतात वडील, आणि गुण दिले जातात आजोबांच्या चौथीपर्यंतच्या शिक्षणाला. शिवाय आईचं काम सुटलं तरी शिक्षण आणि व्यवसायाचे गुण तसेच राहतात, म्हणून एकूण गुण जेमतेम हलतात. आजाराने घर किती खचलं हे या पट्टीने दिसत नाही. ती त्यासाठी केलेलीच नाही.

दुसरं, मुलाच्या जगण्याचा दर्जा. यासाठी पेड्सक्यूएल नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. सर्वसाधारण भागात २३ प्रश्न : शारीरिक ८, भावनिक ५, सामाजिक ५, शाळेचे ५. उत्तर 'कधीच नाही' ते 'जवळजवळ नेहमी', ० ते ४. ते उलटवून १००, ७५, ५०, २५, ० असे गुण करतात, म्हणजे जास्त गुण तर बरी अवस्था. पाच वर्षांपासून मूल स्वतः उत्तर देतं, पाच ते सात वयाला चेहऱ्यांची तीन चित्रं दाखवतात. दोन वर्षांपासून पालकांची वेगळी प्रश्नावली असते. कॅन्सरसाठी निराळा भाग आहे : दुखणं, मळमळ, सुयांची भीती, उपचारांची भीती, काळजी, लक्ष लागणं, दिसण्याबद्दल वाटणं, डॉक्टरांशी बोलता येणं.

आता या दोन्हींत नातं आहे का? आहे, पण ते उत्पन्नातून थेट येत नाही, टंचाईतून येतं. अमेरिकेत किरा बोना आणि सहकाऱ्यांनी केमो घेणाऱ्या मुलांच्या घरांचा मागोवा घेतला. त्यांनी अन्न, घर आणि वीज-इंधन या तीनच गोष्टींची टंचाई विचारली. निदानाच्या वेळी पाचातल्या एका घरात ती होती, सहा महिन्यांनी २९ टक्के घरांत. चौथा हिस्सा घरांचं वर्षाचं उत्पन्न ४० टक्क्यांहून जास्त घटलं होतं. आणि हे त्या देशातल्या चांगल्या रुग्णालयांत. म्हणून माझं म्हणणं, रकाना काढू नका, त्याचे तुकडे करा.

सिंहगडरोड | मंगळवार, दुपारी २:१०

तुकडे करा हे मान्य. पण मूल सांगतं ते धरायचं की आई-वडील सांगतात ते?

आकडेमोड | मंगळवार, दुपारी २:४५

दोन्ही घ्यायचं, पण वेगवेगळ्या रकान्यांत, आणि सरासरी काढायची नाही. कॅन्सरमध्ये पालक मुलाला बहुतेक वेळा मुलापेक्षा कमी गुण देतात. पालकाच्या डोक्यावर कर्ज असेल तर त्याचा ताणही त्या गुणांत उतरतो. त्यामुळे फक्त पालकांच्या उत्तरांवर उत्पन्न आणि दर्जा यांचं नातं मोजलं तर ते आहे त्यापेक्षा घट्ट दिसतं. एकूण गुणांत साधारण साडेचारपेक्षा कमी फरक असेल तर त्यावरून काही म्हणू नये.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:२०

आकडेमोड यांच्या प्रतिसादात एक भर. प्रश्न कोणत्या दिवशी विचारले यावर सगळं अवलंबून आहे. उपचारांतल्या स्टेरॉइडच्या दिवसांत मूल चिडतं, रडतं, रात्री दोनला उठून भाकरी मागतं. व्हिंक्रिस्टिन या केमोच्या औषधानंतर जबडा दुखतो, पोट साफ होत नाही, पावलं ओढत चालतं. त्या आठवड्यात बंगल्यातल्या आणि वस्तीतल्या मुलाचे गुण सारखेच खाली असतात. तेव्हा फॉर्म भरला तर वाटेल की पैशाने काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो बाकीच्या दिवसांत.

ताप. काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, पडलेले असताना १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप म्हणजे थांबायचं नाही. दवाखान्यात पोचल्यापासून एका तासाच्या आत पहिलं अँटिबायोटिक शिरेतून जायला हवं. ज्या घरात गाडी आहे ते रात्री बाराला निघतात. ज्या घरात नाही ते पॅरासिटामॉल देऊन सकाळच्या पहिल्या बसची वाट बघतात. पॅरासिटामॉलने आकडा उतरतो, जंतुसंसर्ग मात्र वाढत राहतो. म्हणून प्रत्येक घरात 'तापाचं पाकीट' करून ठेवावं : रात्रीच्या रिक्षाचे पैसे वेगळे काढून, शेवटचा सीबीसी (रक्तपेशींचा रिपोर्ट), चालू औषधांची यादी, योजनेच्या कागदांची झेरॉक्स, वॉर्डाचा नंबर. त्या पैशांना दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे, तो नंबर पाकिटावरच लिहावा. गाव लांब असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांकडून जवळच्या रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी आणावी, 'पहिला डोस इथे देऊन मग पाठवा' अशी. डिजिटल थर्मामीटर घरात हवाच. हात लावून ताप बघण्यात सहा-सात तास सहज जातात. आणि ताप काखेत बघायचा, गुदद्वारात थर्मामीटर घालायचा नाही.

गोळ्या. पुढच्या टप्प्यात मर्कॅप्टोप्युरीन रोज असते आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ही दुसरी गोळी चुकून रोज दिली तर जिवावर बेततं. वार ठरवून कॅलेंडरवर लाल गोल करा, तिची डबी वेगळी ठेवा. रोजच्या गोळीबद्दल स्मिता भाटिया आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा अभ्यास आहे. ९५ टक्क्यांहून कमी गोळ्या घेतल्या गेल्या की आजार उलटण्याचा धोका वाढतो. २८ दिवसांत एक गोळी चुकली तर ९६ टक्के, दोन चुकल्या की ९३. म्हणजे महिन्यात दोन चुकाही परवडत नाहीत. आपल्याकडे गोळी विसरण्यापेक्षा संपण्याने जास्त चुकते. मजुरी शनिवारी मिळणार, गोळ्या गुरुवारी संपल्या, मग मधले दोन दिवस कोरडे. फॉर्मात हे विचारा : 'आज घरात किती दिवसांच्या गोळ्या आहेत?'

तांबडी_जास्वंद | बुधवार, सकाळी १०:०५

स्टेरॉइडच्या भुकेचा खर्च हिशेबात कुणीच धरत नाही. मूल दिवसातून सात-आठ वेळा मागतं आणि खारट मागतं. घरात काही नसलं की पाच रुपयांची वेफर्सची पाकिटं येतात. एका आठवड्यात मीठ वाढून चेहरा आणि रक्तदाब दोन्ही चढतात.

स्वस्तात प्रथिनं हवीत तर एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण साडेसात. अंडं पूर्ण शिजलेलं हवं, बलक पातळ नको. शेंगदाणे कोरडे बघून घ्या, काळपट, बुरसट एकही दाणा नको. मुगाच्या डाळीची आमटी आणि भात, नाचणीची पेज, ताजं लावलेलं दही चालेल का ते डॉक्टरांना विचारून. सगळं त्याच वेळी शिजवलेलं, गरम. इथे गॅस आडवा येतो. सिलिंडर महिनाअखेरीला संपला की सकाळचं अन्न रात्री थंडच खाल्लं जातं, पाणी उकळणं बंद होतं, आणि मग जुलाब. बोना यांच्या यादीतलं 'इंधन' आपल्याकडे हे आहे. फॉर्मात 'मागच्या ३० दिवसांत गॅस संपून किती दिवस काढले?' असा थेट प्रश्न ठेवा. लोक उत्पन्न सांगायला लाजतात, याचं उत्तर मात्र लगेच देतात.

कुपोषण बघायला फक्त वजन पुरत नाही. पोटात गाठ असेल किंवा सूज असेल तर वजन फसवं येतं. दंडाचा घेर मोजा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर तीव्र, १२.५ च्या खाली असेल तर मध्यम कुपोषण. टेप दंडाच्या मध्यावर, हात सैल सोडून, न आवळता. कुपोषित मुलाला केमोचा त्रास जास्त होतो आणि पुढचे डोस लांबतात. सरकारी आणि धर्मादाय कॅन्सर रुग्णालयांत कडल्स फाउंडेशनसारख्या संस्था आहारतज्ज्ञ आणि शिधा पुरवतात. आपल्या रुग्णालयात अशी सोय आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारावं.

आणखी एक. शाळा सुटली की शाळेतला पोषण आहारही सुटतो. ज्या मुलाचं दुपारचं जेवण शाळेत व्हायचं, ते ऐन आजारपणात घरखर्चात येतं.

दप्तर | बुधवार, दुपारी १२:४०

जास्वंदताई, हे खरंच कुणाच्या लक्षात येत नाही.

शाळेबद्दल लिहितो, थोडं अवांतर वाटेल. पेड्सक्यूएलमधले शाळेचे पाच प्रश्न मूल महिनाभर शाळेतच गेलं नसेल तर कोरे सोडायचे, शून्य टाकायचं नाही. एखाद्या भागातले निम्म्याहून जास्त प्रश्न कोरे असतील तर त्या भागाचे गुण काढत नाहीत. बाकी १८ प्रश्नांवर एकूण गुण निघतात. शून्य टाकून 'गरीब मुलांचा दर्जा खालावला' असा निष्कर्ष काढणं चूक आहे.

प्रत्यक्षात मोठी भीती नाव पटावरून जाण्याची. उपचार चालू असल्याचं रुग्णालयाचं पत्र मुख्याध्यापकांना द्या, पोच घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सहा ते चौदा वयाचं मूल मध्येच सुटलं असलं तरी त्याला वयानुसार वर्गात घ्यावं लागतं आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यावं लागतं. दोन वर्षांनी परतलेल्या आठ वर्षांच्या मुलाला पुन्हा पहिलीत बसवू नका, हे या कलमाचं नाव घेऊन सांगता येतं. पहिलीत बसवलेलं मूल 'मित्र माझ्याशी खेळतात का' याचं उत्तर काय देणार?

आणि शिक्षकांनी वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर आला तर त्याच दिवशी पालकांना कळवावं, पालकांनी त्याच दिवशी डॉक्टरांना. दुसऱ्या दिवसावर टाकू नये, उपाय वेळेत केला तरच लागू पडतो.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १:०५

+१. घरातल्या भावंडांचं लसीकरण वेळेवर करा, फक्त पोलिओचे तोंडातले थेंब द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, त्याऐवजी इंजेक्शन सांगतात.

लोहगावकर | बुधवार, रात्री ८:३०

महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. आता ती आयुष्मान भारतला जोडलेली आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण, आणि रेशनकार्ड पिवळं, केशरी, पांढरं कोणतंही असलं तरी चालतं. म्हणजे या योजनेपुरता उत्पन्नाचा रकाना कामाचा उरलेलाच नाही. रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं, चौकशीचा नंबर १५५३८८.

अडतं ते इथे. लहान मुलाचं नाव रेशनकार्डावर घातलेलंच नसतं. जन्मदाखला घेऊन आधी आरोग्यमित्राला भेटा आणि त्याच आठवड्यात रेशनच्या परिमंडळ कार्यालयात नाव चढवायला टाका. आधारवर 'गणेश', जन्मदाखल्यावर 'गणेशकुमार' असं असेल तर तेही आत्ताच दुरुस्त करा. केमोच्या प्रत्येक टप्प्याला वेगळी मंजुरी लागते, म्हणून पुढच्या तारखेच्या तीन-चार दिवस आधी कागद पोचवा. निदान पक्कं होईपर्यंतच्या तपासण्यांचा खर्च बहुधा घरातूनच जातो आणि तो पहिल्याच आठवड्यात येतो. बहुतेक घरं कर्जात पडतात ती याच आठवड्यात. सावकाराचे २०,००० शेकडा पाचने घेतले तर महिन्याला १,००० नुसतं व्याज, वर्षाला ६० टक्के. त्या आधी बचतगट, मग बँकेत सोनं तारण.

महापालिका हद्दीत राहणाऱ्यांसाठी पुणे मनपाची शहरी गरीब योजनाही आहे. आधी योजनेचं पत्र, मग उपचार हा क्रम उलटला की पैसे परत मिळवायला फार त्रास होतो.

अनघा_२२ | बुधवार, रात्री ९:१५

प्रवासाचं राहिलं. बीड, लातूर, सोलापूरकडून येणाऱ्यांना औषधापेक्षा राहण्याचा खर्च खातो. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण सूट, सोबतच्या एकाला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो आणि तिकीट खिडकीवरच काढावं लागतं. लोक मोबाइलवरून पूर्ण भाड्याचं काढून मोकळे होतात. एसटीतही सवलत आहे, आगारात दाखला दाखवून विचारा. पुढे मुंबईला टाटाला पाठवलं तर सेंट ज्यूड्ससारख्या संस्था मुलाला आणि आई-वडिलांना मोफत राहायला खोली देतात. तिथे परस्पर जाऊन उपयोग नसतो, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते.

सलग चार आठवडे किंवा जास्त उपचार चुकले की त्याला उपचार सोडणं म्हणतात, अशी आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे. चार आठवडे वाट बघू नये. एक तारीख चुकली की दुसऱ्या दिवशी फोन जायला हवा आणि त्यात पहिला प्रश्न भाड्याचाच असावा.

सिंहगडरोड | बुधवार, रात्री १०:००

माझं मत थोडं बदललं आहे. तरी एक शंका. सुयांची भीती, मळमळ, दुखणं यांचा घरच्या पैशाशी काय संबंध? ते तर रुग्णालयावर अवलंबून.

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:४५

बरंचसं रुग्णालयावर, हे बरोबर. मणक्यातलं इंजेक्शन गुंगी देऊन देतात की मुलाला धरून, हे घरचे ठरवत नाहीत. पण बधिर करणारं लिग्नोकेन-प्रिलोकेनचं मलम घ्या. सुईच्या जागी जाडसर थर, वर पारदर्शक पट्टी आणि पूर्ण एक तास थांबायचं. ज्याला ट्यूब विकत घेऊन ठेवता येते तो पोर्टवर (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी) घरूनच लावून निघतो. ज्याला जमत नाही त्याला रांगेत नंबर आल्यावर वॉर्डात लावतात आणि पंधरा मिनिटांत सुई टोचतात. मूल रडतं, मलमाचा उपयोग नाही असं सगळ्यांना वाटतं, पुढच्या वेळी ते लावायचंच बंद होतं. एक ट्यूब अनेक खेपांना पुरते. फॉर्मात मदतीच्या यादीत ती घाला, डॉक्टरांनी वयाप्रमाणे प्रमाण सांगितल्यावर.

मुठाकाठ | गुरुवार, सकाळी ८:५०

सगळ्यांचे आभार. 'मासिक उत्पन्न' हा एकटा रकाना काढून मसुदा असा केला आहे :

आजाराआधी घरात कमावणारे किती, आता किती. काम रोजंदारी, कंत्राटी की कायम, ईएसआय कपात आहे का. मागच्या ३० दिवसांत हातात प्रत्यक्ष किती आले, खाडे किती. दवाखान्याच्या एका खेपेचा खर्च आणि लागणारा वेळ. ३० दिवसांत कुणी जेवण टाळलं का, गॅस संपून किती दिवस काढले, भाडं थकलं आहे का. कर्ज कुणाकडून, महिन्याला व्याज किती. रात्री ताप आला तर दवाखान्यात कशाने येणार. गोळ्या किती दिवसांच्या आहेत. रेशनकार्डावर मुलाचं नाव आहे का. शाळेत नाव आहे का. भावंडं कुठे आहेत, घरात की गावाला आजीकडे. मुलाचे प्रश्न मागच्या पानावर, वेगळे.

आकडेमोड | गुरुवार, सकाळी ९:३०

चांगलं झालंय. आजाराआधीचं आणि आताचं उत्पन्न शेजारी-शेजारी लिहून घ्या, म्हणजे टक्क्यांत घट काढता येईल. सिंहगडरोड यांचा मुद्दाही त्यात राहतो. एकदाच भरून थांबू नका : निदानाच्या वेळी, सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी आणि गोळ्यांचा टप्पा सुरू होताना. पहिल्या फॉर्मवर बहुतेक घरं धडधाकट दिसतील, कारण शिल्लक अजून संपलेली नसते. सहा महिन्यांच्या फॉर्मवर मदतीचा निर्णय पुन्हा घ्यावा लागेल. भरलेल्या दिवशी स्टेरॉइड चालू होतं की नाही, हा चौकोन वर कोपऱ्यात ठेवा.

तांबडी_जास्वंद | गुरुवार, सकाळी ११:१०

दंडाच्या घेराला एक ओळ द्या. टेप फॉर्मच्या पॅडलाच दोऱ्याने बांधून ठेवा, नाहीतर मोजलाच जात नाही.

रात्रपाळी | गुरुवार, रात्री ११:५५

मागचं पान आधी भरा. आई औषधांच्या रांगेत गेलेली असते तेव्हा मुलाजवळ बसून चेहऱ्यांची चित्रं दाखवायची. आई शेजारी असली की मूल आधी तिच्याकडे बघतं आणि हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतं. फक्त जाण्याआधी आईला सांगून ठेवा कोण बसणार आहे ते, आणि ज्या हातात सलाईन नाही त्या बाजूला बसा.